क्राकोवमध्ये संध्याकाळी उतरल्यावर काय पाहावे

विचारणा थोडक्यात अशी आहे. कोल्हापूरचे एक दांपत्य साठी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोलंडला जात आहे. वॉर्सातून रेल्वेने ते संध्याकाळी पाचच्या सुमारास क्राकोवला उतरतील, तिथे दोन रात्री राहतील आणि तिसऱ्या दिवशी दुपारनंतर पुढच्या प्रवासाला निघतील. घरातले सगळे शाकाहारी आहेत. प्रवासाचा शीण असताना पहिल्या संध्याकाळी बाहेर पडावे की आराम करावा, आणि उरलेल्या वेळात वावेलचा किल्ला, वियेलिच्काची मिठाची खाण आणि आउशविट्झची नाझी छळछावणी ही तिन्ही ठिकाणे बसतील का, असे त्यांनी विचारले आहे. मध्य युरोपात मराठी पर्यटकांचे गट नेण्याचे काम मी बरीच वर्षे करते आणि क्राकोव हे त्यातले मला सर्वांत जवळचे शहर आहे, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देते.

पहिल्या संध्याकाळी अवश्य बाहेर पडा, मात्र कोणत्याही इमारतीचे तिकीट काढू नका. क्राकोव हे बाहेरून पाहायला संध्याकाळी आणि आतून पाहायला सकाळी उत्तम असे शहर आहे, आणि तुमच्या वेळापत्रकात या दोन्ही गोष्टी नीट बसतात. जुने शहर उत्तरेच्या वेशीपासून दक्षिणेच्या वावेल टेकडीपर्यंत एका रेषेत वसलेले आहे. राज्याभिषेकाला निघालेले राजे, परदेशी वकील आणि राजांच्या अंत्ययात्रा याच मार्गाने जात, म्हणून त्याला आजही राजमार्ग म्हणतात. मुख्य रेल्वे स्थानक नेमके उत्तरेच्या वेशीबाहेर आहे. म्हणजे पूर्वीचे पाहुणे ज्या दाराने शहरात शिरत त्याच दाराशी तुम्ही उतरता. वेशीपासून वावेलच्या पायथ्यापर्यंतचे अंतर जेमतेम दीड किलोमीटर आहे, रस्ता जवळपास सपाट आहे, आणि मध्ये बसायला जागाही भरपूर आहेत.

ऑक्टोबरच्या आरंभी तिथे सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. जूनमध्ये हाच सूर्यास्त नऊच्या आसपास होतो, तर डिसेंबरात पावणेचारलाच अंधारायला लागते, त्यामुळे संध्याकाळचा बेत महिना पाहूनच ठरवावा लागतो. तुमच्या बाबतीत सामान खोलीवर टाकून, चहा घेऊन पावणेसहाला निघालात तर वेशीपाशी उजेड, मुख्य चौकात संधिप्रकाश आणि वावेलखाली दिवे असा क्रम आपोआप जुळून येतो. निवास शक्यतो स्थानक आणि जुने शहर यांच्या मधल्या भागात घ्यावा, कारण जुन्या शहरातले रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत आणि त्यांवरून चाकांच्या बॅगा ओढताना ज्येष्ठांचे हाल होतात. स्वेटर पुरेल असे दुपारी वाटले तरी जाकीट बरोबर ठेवा. दिवस मावळला की हवा झपाट्याने गार होते.

स्थानकाकडून जुन्या शहराच्या बाजूचा भुयारी मार्ग ओलांडला की तुम्ही प्लांती या बागेत येता. ही बाग जुन्या शहराला सुमारे चार किलोमीटरचा वेढा घालून आहे, आणि तिचा हा आकार तटबंदीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जीर्ण तट पाडले गेले, खंदक बुजवले गेले आणि १८२०च्या दशकात त्या जागी झाडे लावली गेली. उत्तरेकडचा थोडा भाग मात्र वाचला. तो पाडला तर बोचरा उत्तर वारा थेट चौकात घुसेल असा युक्तिवाद करून फेलिक्स राद्वान्स्की या प्राध्यापकांनी तो राखून घेतला, आणि आज त्यांच्यामुळेच बार्बिकन, फ्लोरियन वेस आणि त्यांच्या बाजूची भिंत आपल्याला दिसते.

बार्बिकनपाशी दहा मिनिटे थांबा. हा १४९८-९९ साली बांधलेला विटांचा गोल बुरूज मूळ वेशीच्या पुढे, खंदकापलीकडे उभा होता आणि दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या वाटेने वेशीला जोडलेला होता. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना यामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण इथेही शत्रूला दारापर्यंत येऊ देऊन अरुंद जागेत चारही बाजूंनी माऱ्यात घेण्याचीच योजना आहे. भिंती तीन मीटरपर्यंत जाड आहेत. आत जाण्याची गरज नाही. खरी गंमत बाहेरून, जंग्या आणि वरचे सात मनोरे पाहण्यात आहे. त्यानंतर फ्लोरियन वेशीतून आत शिरा, डावी-उजवीकडच्या भिंतीवर विक्रीला टांगलेली चित्रे पाहा आणि फ्लोरियान्स्का रस्त्याने सरळ चालत राहा. समोर मारियात्स्की चर्चचे दोन असमान उंचीचे मनोरे दिसत असतात, त्यामुळे वाट चुकण्याचा प्रश्नच येत नाही.

या रस्त्याच्या शेवटी जो चौक उघडतो त्याचे नाव रिनेक. त्याची प्रत्येक बाजू सुमारे दोनशे मीटर आहे आणि युरोपातल्या मध्ययुगीन चौकांमध्ये तो सर्वांत मोठ्यांपैकी एक गणला जातो. १२४१च्या मंगोल स्वारीत शहर उद्ध्वस्त झाले, आणि १२५७ साली बोलेस्वाव या ड्यूकने नवी सनद देऊन ते सरळ रेषांवर पुन्हा आखले. तेव्हाची आखणी आजही जशीच्या तशी आहे. चौकात उभे राहून एक गोष्ट मुद्दाम पाहा. सगळे काटकोनात असताना मारियात्स्की चर्च मात्र चौकाला तिरके आहे, आणि दक्षिणेकडे जाणारा ग्रोद्झ्का रस्ताही कोपऱ्यातून वाकडा निघतो. हे दोन्ही १२५७च्या आखणीच्या आधीच्या शहराचे अवशेष आहेत. चर्चची इमारत नंतरची असली तरी ती जुन्या चर्चच्या जागी आणि त्याच्याच दिशेने उभी राहिली. चौकाच्या दक्षिण भागातले सेंट अडालबर्टचे चिमुकले चर्च तर जमिनीत खचल्यासारखे दिसते, पण प्रत्यक्षात शतकानुशतके भर पडून चौकाचीच पातळी वर आली आहे.

वॉर्सातून येणाऱ्यांनी इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुम्ही तिथे पाहिलेले जुने शहर १९४४च्या उठावानंतर जर्मनांनी जमीनदोस्त केले आणि युद्धानंतर पोलिश लोकांनी ते जिद्दीने पुन्हा उभारले. क्राकोवच्या इमारती बहुतांशी मूळच्या आहेत. नाझी राजवटीने व्यापलेल्या पोलंडचा कारभार वावेल किल्ल्यातून चालत होता, आणि जाताना त्यांना शहर उद्ध्वस्त करता आले नाही. शहर वाचले याचा अर्थ माणसे वाचली असा नाही, त्याविषयी पुढे लिहिले आहे. वॉर्सात असताना तुम्ही कोल्हापूरचे स्मारक पाहणार असालच. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती, आणि सोव्हिएत हद्दपारीतून सुटून ती आली होती. तुम्ही कोल्हापूरचे आहात हे पोलंडमधल्या जाणत्या माणसाला सांगून पाहा, बोलण्याचा नूर बदलतो.

चौकात पोहोचण्याची वेळ अशी साधा की घड्याळाचा पूर्ण तास पडताना तुम्ही तिथे असाल. मारियात्स्कीच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, कर्ण्यावर हेइनाव नावाची छोटी धून वाजवली जाते. ती वाजवणारे शहराच्या अग्निशमन दलाचे जवान असतात, कारण मनोऱ्यावरचा पहारेकरी पूर्वी आग आणि शत्रू या दोहोंवर नजर ठेवत असे. धून एकूण चार वेळा वाजते आणि प्रत्येक वेळी वेगळी खिडकी उघडते. पहिली वावेलच्या दिशेने राजासाठी, दुसरी चौकाकडे नगरप्रमुखासाठी, तिसरी फ्लोरियन वेशीकडे पाहुण्यांसाठी आणि चौथी अग्निशमन दलासाठी. चौकात उभे असाल तर पहिली धून दबकी ऐकू येते, दुसरी स्वच्छ ऐकू येते आणि उरलेल्या दोन हळूहळू दूर जातात. अंधार पडल्यावर खिडकीतला दिवा आणि बाहेर आलेले कर्ण्याचे पिवळे तोंड खालून सहज दिसते. दिवसा हे इतके स्पष्ट दिसत नाही, म्हणून हेइनाव पहिल्यांदा संध्याकाळीच ऐकावा असे माझे ठाम मत आहे. धून मध्येच तुटते. पहारेकऱ्याच्या गळ्यात तातारांचा, म्हणजे मंगोलांचा, बाण लागला म्हणून ती तिथेच थांबते ही कथा तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. ती सुंदर आहे, पण आजचा मनोरा १२४१च्या स्वारीनंतरचा आहे आणि जुन्या कागदपत्रांत या प्रसंगाचा आधार मिळत नाही. आईवडिलांना कथा जरूर सांगा, दंतकथा म्हणून सांगा.

चौकाच्या मधोमध सुकिएन्नित्से म्हणजे कापड व्यापाऱ्यांची लांबलचक इमारत आहे. १५५५च्या आगीनंतर तिला आजचे वरचे रूप मिळाले आणि खालच्या कमानी एकोणिसाव्या शतकात जोडल्या गेल्या. आतल्या गाळ्यांत अंबरचे दागिने आणि लाकडी वस्तू मिळतात. अंबर खरेदी करायचेच असेल तर ते दुसऱ्या दिवशी उजेडात आणि प्रमाणपत्र देणाऱ्या दुकानातून घ्या. शेजारचा एकाकी मनोरा जुन्या नगरभवनाचा आहे. बाकीचे भवन १८२०मध्ये पाडले गेले.

थोडे बसून झाल्यावर ग्रोद्झ्का रस्त्याने दक्षिणेकडे निघा. डाव्या हाताला बारा प्रेषितांचे पुतळे ओळीने उभे असलेले सेंट पीटर आणि सेंट पॉलचे चर्च लागते, आणि बहुतेक लोक त्याचेच फोटो काढून पुढे जातात. त्याला लागून असलेले सेंट अँड्र्यूचे पांढुरके दगडी चर्च अधिक लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. ते अकराव्या शतकातले आहे, त्याच्या खालच्या भागातल्या खिडक्या बाण सोडण्यापुरत्या अरुंद आहेत, आणि १२४१च्या स्वारीत आसरा घेतलेल्या लोकांसह ते टिकून राहिले असे परंपरा सांगते. तिथून उजवीकडच्या छोट्या चौकातून कानोनिचा रस्त्यावर वळा. पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेले कारोल वोयतिवा या रस्त्यावर राहत असत. माझ्या मते क्राकोवमधला हा सर्वांत देखणा रस्ता आहे. दुकानांचे झगमगते फलक नाहीत, गर्दी ओसरलेली असते, आणि दिव्यांच्या उजेडात जुन्या घरांच्या दगडी चौकटींवरचे कोरीव काम दिवसापेक्षा ठळक उठून दिसते. रस्ता संपतो तो थेट वावेलच्या पायथ्याशी. वर चढू नका. टेकडीला वळसा घालून व्हिस्तुला नदीच्या काठी जा. तिथे ब्रोनिस्वाव ख्रोमी यांचा १९७२चा ड्रॅगनचा पुतळा आहे आणि तो ठरावीक अंतराने तोंडातून खरी आग सोडतो. आईवडील थकले असतील तर इथून ट्राम किंवा टॅक्सी घ्या. ट्रामचे कागदी तिकीट काढणे पुरेसे नाही, चढल्याबरोबर ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तपासनीस साध्या वेशात असतात आणि परदेशी पाहुणा म्हणून सूट देत नाहीत.

जेवणाचा विचार आधीच करून ठेवा, कारण पोलिश शाकाहार आणि आपला शाकाहार यांत फरक आहे. पिएरोगी रुस्किए म्हणजे बटाटा आणि पनीरसारख्या ताज्या चीजचे सारण भरलेले उकडलेले कानवले, ते मिळतात सर्वत्र. परंतु त्यांवर बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालून देतात, म्हणून मागवतानाच ‘बेझ स्क्फारेक’ असे सांगावे आणि कांदा कशात परतला आहे तेही विचारावे. अंडे वर्ज्य असेल तर कणकेची चौकशी करावी. आंबट पिठाचे झुरेक हे सार जवळजवळ नेहमी सॉसेज घालून येते, आणि बीटचे लालभडक बार्श्च दिसायला निर्दोष असले तरी ते मांसाच्या पाण्यात केलेले असू शकते. जुन्या शहरात पूर्ण शाकाहारी खानावळी आणि भारतीय उपाहारगृहेही आहेत, ज्येष्ठांसाठी पहिल्या रात्री तिथेच जाणे सोयीचे. पैसे झ्वोतीमध्येच लागतात, युरो चालत नाहीत. एटीएमने वा कार्डाच्या यंत्राने रक्कम रुपयांत वळवू का असे विचारले तर नकार देऊन झ्वोती निवडा, नाहीतर दर फार वाईट लागतो.

दुसरी सकाळ वावेलला द्या. किल्ल्यातल्या वेगवेगळ्या दालनांची तिकिटे वेगळी असतात, त्यांवर वेळ छापलेली असते आणि संख्या मर्यादित असते, म्हणून ती घरून निघण्यापूर्वीच काढा. कॅथीड्रलचे तिकीट स्वतंत्र आहे, आणि रविवारी सकाळी प्रार्थनांमुळे तिथे पर्यटकांना प्रवेश नसतो. सगळी दालने पाहण्याचा अट्टहास करू नका, फक्त दरबारी दालने निवडा. तिथे सोळाव्या शतकात विणलेली याग्येलोनियन राजांची भिंतपटले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ती कॅनडापर्यंत नेऊन लपवली गेली आणि १९६१मध्ये परतली. प्रतिनिधींच्या दालनात मान वर करून छत पाहा. चौकोनी कोनाड्यांतून माणसांची लाकडी मुंडकी खाली बघत असतात. मूळची १९४ होती, आता तीसच उरली आहेत, आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा आहे. त्यांतल्या एका बाईच्या तोंडावर पट्टी बांधलेली आहे. राजा न्यायनिवाडा करत असताना ती वरून ‘न्याय नीट कर’ असे बोलली म्हणून तिचे तोंड बंद केले, अशी आख्यायिका आहे. कॅथीड्रलमधली सोनेरी घुमटाची झिग्मुंत छत्री, म्हणजे राजांचे समाधिस्थान, चुकवू नका. १५२०मध्ये ओतलेल्या बारा टनांहून जड घंटेपर्यंत जाणारा लाकडी जिना मात्र अरुंद आणि तीव्र चढाचा आहे. गुडघे दुखत असतील तर आईवडिलांना खाली बसू द्या.

दुपारी बाराच्या आधी मारियात्स्कीत पोहोचायचे आहे, हा दिवसातला सर्वांत महत्त्वाचा क्षण. फाइट श्टोस या न्यूरेंबर्गहून आलेल्या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षे खपून लिंडनच्या लाकडात कोरलेली वेदी तिथे आहे. बाराला दहा मिनिटे कमी असताना तिची पंखासारखी दारे उघडतात. मधल्या मूर्ती माणसापेक्षा उंच आहेत, तरीही हातांवरच्या शिरा आणि म्हाताऱ्या प्रेषितांच्या गालांवरच्या सुरकुत्या कोरलेल्या दिसतात. युद्धात ही वेदी जर्मनीला पळवली गेली होती. अलीकडे २०२१पर्यंत चाललेल्या संवर्धनानंतर तिचे रंग पुन्हा उजळले आहेत. रविवारी पर्यटकांना प्रवेश दुपारनंतर असतो, हे बेत आखताना पाहा. जेवून दोन तास विश्रांती घेतल्यावर ताकद असेल तर चार्तोरिस्की संग्रहालयात लिओनार्दोचे ‘अर्मिन (मुंगसासारखा पांढरा प्राणी) घेतलेली स्त्री’ हे चित्र पाहता येईल.

दुसरी संध्याकाळ काझिम्येशसाठी राखा. चौदाव्या शतकात हे वेगळे नगर म्हणून वसले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ते ज्यूंचे मोठे केंद्र झाले. रेमू सिनेगॉगलगतच्या सोळाव्या शतकातल्या दफनभूमीत पुरुषांनी डोके झाकून जावे. तिथली एक भिंत युद्धात फोडलेल्या समाधिशिलांच्या तुकड्यांनी बांधली आहे. शनिवारी सिनेगॉग बंद असतात. युद्धापूर्वी क्राकोवमध्ये साठ हजारांहून अधिक ज्यू राहत होते. नाझींनी ज्यूंना डांबण्यासाठी उभारलेला कोंडवाडा (घेटो) काझिम्येशमध्ये नव्हता, तो नदीपलीकडे पोदगुझेत होता, आणि १९४१ ते १९४३ अशी दोन वर्षे तो चालला. बेर्नात्का पूल पायी ओलांडून तिथल्या चौकात जा. लोकांना जिथे गोळा करून छावण्यांकडे धाडले गेले त्या जागेवर आज धातूच्या मोठ्या रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. परत येताना प्लाट्स नोवी या चौकातल्या गोल इमारतीत मशरूम आणि चीज घातलेला झापिएकान्का हा लांबट पाव खाता येईल. तो शाकाहारी मिळतो.

आता उरलेल्या दोन ठिकाणांविषयी. आउशविट्झ या खेपेला सोडा. ते सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे, आत किमान साडेतीन तास लागतात, नावानिशी आरक्षण कित्येक आठवडे आधी करावे लागते, आणि तिथून आलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरे काही पाहायला नेणे मला योग्य वाटत नाही. जायचेच असेल तर मुक्काम एका दिवसाने वाढवा आणि तो दिवस पूर्ण त्यासाठी ठेवा. वियेलिच्का मात्र तिसऱ्या सकाळी बसते. स्थानकावरून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत खाणीजवळ पोहोचता येते, खाली दोन ते तीन तास लागतात, आणि तापमान बारा महिने सतरा-अठरा अंश असते. आरंभीच सुमारे ३८० लाकडी पायऱ्या उतराव्या लागतात आणि पूर्ण मार्गात मिळून त्या आठशेच्या घरात जातात, वर येताना लिफ्ट आहे. उतरतानाही लिफ्ट हवी असेल तर खाणीच्या कार्यालयाशी आधी बोलून ठरवावे लागते. तेवढे जमले नाही तर तुम्ही दोघे खाणीत जा आणि आईवडिलांना प्लांतीत फेरफटका मारून याग्येलोनियन विद्यापीठाचे कोलेगियुम मायुस पाहू द्या. कोपर्निकस जिथे शिकला त्या विद्यापीठाची ही सर्वांत जुनी इमारत आहे आणि तिच्या कमानींच्या अंगणात बसायलाही छान वाटते. दुपारी सगळ्यांनी स्थानकावरच भेटावे. सामान सकाळी तिथल्या लॉकरमध्ये ठेवलेत तर खोलीवर पुन्हा जाण्याचा खेटा वाचेल.